आत्मकथा आणि आत्मस्तुती

महात्मा बसवेश्वरांचे सात निषेधांचे वचन आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. ते आपण प्रार्थनेत म्हणतो, मठाच्या भिंतीवर रंगविलेले पाहतो. नित्य म्हटल्यामुळे त्यातील एका अवघड गाठीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. या सातांत असत्य बोलण्यास मनाई आहे, आणि याच सातांत स्वतःची थोरवी गाण्यासही मनाई आहे. हे दोन नियम वेगवेगळे पाळणे एक वेळ सोपे. पण एखाद्या सज्जनाने स्वतःच्या आयुष्याची हकिगत सांगायचे ठरविले की हे दोन्ही नियम एकमेकांसमोर उभे राहतात. हातून घडलेले चांगले काम सांगावे तर ती आत्मस्तुती होते. ते लपवावे तर हकिगत अपुरी, म्हणजे काही अंशी खोटी होते. वाईट तेवढे सांगावे म्हटले तरी सुटका नाही. ‘पाहा, मी किती प्रांजळ!’ अशी सूक्ष्म स्तुती त्या कबुलीच्या पोटातही दडून बसते. मग सत्पुरुषाने आत्मकथा लिहावी की लिहू नये? आणि लिहिली तर आपण भाविकांनी ती कशी वाचावी?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. कणकुंबी-जांबोटीकडच्या मुसळधार पावसात भातलावणी आटोपली की शेतकरी माणसाला थोडी उसंत मिळते. श्रावणात मठामठांतून पुराण-प्रवचने चालतात, घरोघरी ग्रंथवाचन होते. पोथीपुराणांबरोबर थोर माणसांच्या आत्मकथाही आपण आवडीने वाचतो. दुसरीकडे पंचाहत्तरी आली की स्वतःचे चरित्र छापून घेण्याची हौसही समाजात कमी नाही. एका हाताने आपण दुसऱ्याची आत्मकथा वाचतो आणि दुसऱ्या हाताने, कागदावर नाही तरी चारचौघांच्या गप्पांत, स्वतःची रचीत असतो. अशा वेळी आपल्यापाशी काही कसोटी असलेली बरी. शिवशरणांनी ती देऊन ठेवली आहे. तिच्यावर एक सुप्रसिद्ध आत्मकथा घासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ती आत्मकथा म्हणजे महात्मा गांधींचे ‘सत्याचे प्रयोग’. सत्य आणि साधी राहणी या दोनच खांबांवर हे पुस्तक उभे आहे, म्हणून ते निवडले. शिवाय आपल्या भागाशी त्याचे एक नाते आहे. १९२४ च्या डिसेंबरात, २६ आणि २७ तारखांना, बेळगावात काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्षस्थानी बसले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी त्यासाठी अपार कष्ट घेतले. पाण्यासाठी त्या वेळी खोदलेली विहीर टिळकवाडीत ‘काँग्रेस विहीर’ म्हणून आजही ओळखली जाते. २०२४ साली या अधिवेशनाला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्याच १९२४ च्या आरंभी गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून सुटले होते. आत्मकथा तुरुंगात पुरी करण्याचा त्यांचा विचार होता, तो सुटकेमुळे राहिला. बेळगावनंतर अकरा महिन्यांनी, नोव्हेंबर १९२५ पासून, त्यांच्या ‘नवजीवन’ या गुजराती साप्ताहिकात तिची प्रकरणे येऊ लागली. ती १९२९ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. म्हणजे बेळगावकरांनी ज्यांना पाहिले ते गांधीजी हिशेब सांगायला बसण्याच्या उंबरठ्यावरचे गांधीजी होते.

आपण आरंभी मांडलेली शंका त्यांना स्वतःलाही एका मित्राने विचारली होती. प्रस्तावनेत त्यांनी ती लपविलेली नाही. मित्राचे म्हणणे थोडक्यात असे की, स्वतःचे चरित्र लिहिणे ही पाश्चात्त्यांची रीत आहे. शिवाय आज जे तत्त्व म्हणून सांगाल ते उद्या तुम्हीच टाकून दिले, तर तुमच्या शब्दावर विसंबून चालणाऱ्यांची काय गत होईल? गांधीजींना या बोलण्यात तथ्य वाटले. मग त्यांनी काढलेला मार्ग असा : आपण आत्मकथा लिहीतच नाही, आपण केलेल्या सत्याच्या प्रयोगांची हकिगत तेवढी सांगतो. ही शब्दांची कसरत आहे असे कोणाला वाटेल. पण ‘प्रयोग’ या शब्दात एक सोय आहे. प्रयोग फसू शकतो, आणि तो फसला असे सांगण्यात प्रयोग करणाऱ्याची शोभा जात नाही. विजयाची कथा सांगणाऱ्याला पराभव लपवावा लागतो, प्रयोगाची वही ठेवणाऱ्याला तो लिहावाच लागतो. येथवर शंकेचे अर्धे उत्तर मिळाले. उरलेल्या अर्ध्यासाठी पुस्तकाच्या आतच जावे लागेल.

पहिला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पंधरा वर्षांच्या मोहनने भावाच्या हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा चोरला. भावाला झालेले पंचवीस-एक रुपयांचे कर्ज फेडायचे होते. कर्ज फिटले, पण मनाला चैन पडेना. त्याने चिठ्ठी लिहिली, गुन्हा कबूल केला, शिक्षा मागितली आणि आजारी वडिलांच्या हाती ती दिली. वडिलांनी वाचली. डोळ्यांतले पाणी कागदावर पडले. क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा अंथरुणावर पडले. रागावले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत.

या प्रसंगातील प्रांजळपणाची प्रशंसा नेहमी केली जाते. आपण येथे त्यातील क्रम पाहावा. कबुली आधी गेली ती ज्याचा विश्वास मोडला त्या वडिलांकडे. जगाने ती वाचली सुमारे चाळीस वर्षांनी. मधल्या काळात ती चिठ्ठी फाटून गेली होती, तिचा पुरावाही उरला नव्हता. जग टाळ्या वाजवील या हिशेबाने ती लिहिलेली नव्हती, कारण त्या वेळी ऐकायला जग नव्हतेच. कबुली आणि प्रदर्शन यांतील फरक येथे सापडतो. ज्याचे देणे लागतो त्याच्या दारी आधी जाऊन, शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून जे सांगितले जाते ते सत्य. देणेकऱ्याचे दार चुकवून जे थेट चव्हाट्यावर सांगितले जाते ते शब्दाने खरे असले तरी हेतूने खोटे. आपणही पाहतो, भावाशी वाटणीवरून अबोला धरलेला माणूस सभेत उभा राहून ‘मी फार पापी माणूस आहे’ असे म्हणतो आणि लोक त्याला विनयशील म्हणतात. भावाच्या दारापर्यंत मात्र त्याचे पाय वळत नाहीत. आत्मकथेची पहिली कसोटी ही : हे आधी कोणाला सांगितले?

शिवशरणांची वचने या दृष्टीने पाहिली की त्यांची रचना किती विचारपूर्वक आहे हे उमगते. वचन ही एक प्रकारे आत्मकथाच होय. बसवेश्वर आपल्या मनाचे चांचल्य सांगतात, भक्तीतील उणेपणा सांगतात, दिखाऊपणाबद्दल स्वतःलाच खडसावतात. अक्कमहादेवी आपल्या जीवाची तगमग सांगते. परंतु वचनाच्या शेवटी अंकित येते ते आराध्याच्या नावाचे, सांगणाऱ्याच्या नावाचे नव्हे. बसवेश्वरांचे सारे बोलणे कूडलसंगमदेवाकडे तोंड करून झालेले आहे. आपण ते ऐकतो खरे, पण बाजूला उभे राहून ऐकतो. ज्याच्यापासून काहीच लपत नाही त्याला सांगताना फुगवून सांगण्यात अर्थ नाही आणि लपविण्यातही अर्थ नाही. अंकित हे कवीचे टोपणनाव आहे असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ती साक्षीदाराची सही आहे. सत्य बोलावे आणि थोरवीही गाऊ नये, हे दोन नियम एकत्र कसे पाळावेत याचे उत्तर त्या सहीत आहे : स्वतःविषयी बोलायचे ते साक्षीसमोर बोलावे.

आपल्या कणकुंबीच्या डोंगरात मलप्रभा उगम पावते आणि सुमारे तीनशे किलोमीटरांची वाट चालून कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. बसवेश्वरांचे बालपण ज्या क्षेत्री ज्ञानात रमले आणि अखेर जेथे ते ऐक्य पावले, तेथे आपल्या रानातले पाणी पोचते. वाटेत खानापूर, सौंदत्तीचे धरण, पट्टदकल, ऐहोळे अशी मोठमोठी नावे तिला भेटतात, पण संगमापुढे नदीचे स्वतःचे नावही उरत नाही. सांगणाऱ्याने आपली कथा अशी पोचवावी.

आता दुसऱ्या कसोटीकडे वळू. ती पहिलीपेक्षा कठीण आहे, आणि येथे गांधीजींच्या पुस्तकापाशी थोडे थांबावे लागते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून स्वदेशी परत येताना लोकांनी त्यांना मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत कस्तुरबांना दिलेला सोन्याचा हार होता, त्याची किंमत पन्नास गिनी होती. सेवेचे मोल घ्यावे का, या विचाराने गांधीजींना रात्रभर झोप आली नाही. सकाळपर्यंत त्यांचा निश्चय झाला की हे सारे समाजाच्या कामासाठी विश्वस्तांकडे सोपवायचे. त्यांनी आधी मुलांना वळविले आणि मग पत्नीला सांगितले. कस्तुरबा ऐकेनात. त्यांचे म्हणणे पुस्तकात नोंदलेले आहे आणि ते मुळीच पोकळ नाही. तुमची सेवा ती माझीही सेवा नव्हे काय, मी रात्रंदिवस राबले, तुम्ही कोणालाही घरी आणलेत आणि मी त्यांची उस्तवारी केली, त्याचे काय? असा त्यांचा सवाल होता. गांधीजी कबूल करतात की यांतले काही बाण वर्मी लागले. तरी हार परत गेला. १८९६ आणि १९०१ या दोन्ही वेळच्या भेटींचा न्यास झाला.

आपल्या परंपरेत याला जोड देणारी कथा आहे ती आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची. कल्याणात महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. त्यावरच त्यांचा संसार आणि दासोह चालत असे. एके दिवशी त्यांनी नित्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. लक्कम्माने ते पाहिले, ही जादा हाव आपल्याला कशाला, असे विचारले आणि जास्तीचे तांदूळ परत नेऊन टाकायला लावले. मारय्या परत गेले.

दोन्ही कथांत कायकापेक्षा जास्त आलेले धन परत जाते. दोन्ही कथा साधेपणाच्या आहेत. पण एका घरात पत्नी सांगते आणि पती ऐकतो, दुसऱ्या घरात पती ठरवितो आणि पत्नीला हार मानावी लागते. हा फरक केवळ स्त्री-पुरुषांचा नाही. लक्कम्मा जे सोडायला सांगते त्यातला अर्धा घास तिच्या स्वतःच्या ताटातला आहे. तिने स्वतःचा साधेपणा दुसऱ्याच्या पोटातून काढलेला नाही. गांधीजींनी सोडलेला हार मात्र कस्तुरबांच्या गळ्यातला होता. शिवाय कस्तुरबांनी जो सवाल केला तो खरे पाहता कायकाचाच सवाल होता. घरातल्या राबण्याला कायक म्हणायचे की नाही? म्हणायचे असेल तर त्या धनाचे काय करावे हे ठरविताना राबणारीचाही शब्द हवा. साधेपणा मी माझ्यासाठी पत्करला तर ते व्रत होते. तोच मी घरच्यांवर लादला तर ती हुकमत होते, मग तिचे रूप कितीही सात्त्विक असो.

१८९८ च्या सुमारास डर्बनच्या घरातला प्रसंग यापेक्षाही बोचरा आहे. घरी राहणाऱ्या एका कारकुनाचे मूत्रपात्र उचलण्याचे काम कस्तुरबांवर आले. तो कारकून अस्पृश्य मानल्या गेलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला ख्रिस्ती होता. त्या ते काम करीत, पण डोळ्यांत पाणी आणून. पती म्हणे, नुसते करून भागत नाही, हसतमुखाने केले पाहिजे. शब्दाला शब्द लागला आणि त्यांनी पत्नीचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात मी कोठे जाऊ, काही लाज आहे की नाही, असे कस्तुरबांनी विचारले तेव्हा ते भानावर आले. भेदाभेद मोडण्याचे तत्त्व शंभर नंबरी खरे होते. ते घरात आणण्याची रीत मात्र हिंसेची झाली. गांधीजींनी ती स्वतः होऊन सांगितली, आणि ती सांगितली नसती तर कोणाला कळलीही नसती.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आपण दडपू नये. या प्रसंगात उघडे पडले ते एकटे गांधीजी नव्हेत. कस्तुरबाही उघड्या पडल्या. त्यांचे रडणे, त्यांचा दागिन्यांचा आग्रह हजारो वाचकांपुढे आला, तोही त्या हयात असताना. त्यांचे शिक्षण फारसे झालेले नव्हते आणि त्यांनी स्वतःची आत्मकथा लिहिली नाही. माझ्या घराची कवाडे उघडण्याचा अधिकार मला आहे असे म्हणताना त्या घरात आणखी कोणी राहते हे विसरता येत नाही. म्हणून आत्मकथेची दुसरी कसोटी ही : या सत्याची आणि या साधेपणाची किंमत कोणी भरली, आणि त्या माणसाला बोलायला जागा मिळाली का? गांधीजींच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येईल की त्यांनी पत्नीचा युक्तिवाद तिच्या बाजूने नीट मांडला आहे. आज आपण कस्तुरबांची बाजू घेऊ शकतो ती त्यांनीच लिहून ठेवल्यामुळे. पण कल्याणातील शरणी आणखी एक पाऊल पुढे होत्या. लक्कम्माची कथा मारय्यांच्या तोंडून ऐकण्याची वेळ आपल्यावर येत नाही. ‘मारय्यप्रिय अमरेश्वरलिंग’ या अंकिताने तिची स्वतःची वचने उपलब्ध आहेत. सत्य पुरते बाहेर यायचे असेल तर एका घरातून दोन आवाज यावे लागतात, हे बाराव्या शतकाने करून दाखविले.

तिसरी कसोटी हातांची आहे. गांधीजी परदेशात वकिली करीत असताना धोब्याचा खर्च वाचावा आणि त्याच्या वेळेवर अवलंबून राहू नये म्हणून कपडे स्वतः धुऊ लागले. पहिल्यांदा कॉलरला एवढी खळ बसली की ती कोर्टात गळू लागली आणि सोबतचे वकील हसले. पुढे प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने त्यांचे केस कापण्यास नकार दिला. त्यांनी कात्री विकत आणून आरशासमोर बसून स्वतःच कापले. मागची बाजू बिघडली आणि पुन्हा हसे झाले. येथपर्यंत ही स्वावलंबनाची गमतीदार गोष्ट आहे. पण पुढे ते एक विचार लिहितात तो फार मोलाचा आहे. त्या न्हाव्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार काय, आपल्या देशात आपण आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देतो का, असा तो विचार आहे. अपमान झाला त्या क्षणी त्यांनी अपमान करणाऱ्याचे खाते न उघडता स्वतःच्या समाजाचे खाते उघडले. आत्मकथेतली कबुली अशी एका माणसापुरती न राहता समाजाची झाली, म्हणजे तिच्यातली आत्मस्तुती आपोआप गळून पडते.

कपडे धुणे आणि केस कापणे या दोन कामांचे नाव निघाले की शरणांच्या भक्ताला मडिवाळ माचिदेव आणि हडपद अप्पण्णा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. माचिदेवांचे कायक कपडे धुण्याचे. अप्पण्णा बसवेश्वरांच्या निकट वावरणारे शरण, आणि केशकर्तनाचा परंपरागत व्यवसाय असलेला कर्नाटकातील हडपद समाज त्यांना आपले आद्य शरण मानतो. धोब्याचे काम स्वतः करणे हे स्वावलंबन झाले. धोब्याला शेजारी आसन देऊन त्याचे वचन ऐकणे ही त्यापुढची पायरी होय. कल्याणाने ती चढून दाखविली. साध्या राहणीचा खरा अर्थ त्यातून कळतो. खर्च कमी केला म्हणजे साधेपणा झाला असे नाही, कारण कंजूषही खर्च कमी करतो. ज्या श्रमावर आपण जगतो त्या श्रमाला हलके न मानणे हा साधेपणाचा गाभा आहे. बेळगावच्या अधिवेशनात गांधीजींसाठी बांबू-गवताची झोपडी उभारली होती आणि तिलाही ३५० रुपये लागल्याचे कळल्यावर तो खर्च त्यांना जास्त वाटला, अशी आठवण बेळगावात सांगितली जाते. गवताची झोपडीसुद्धा महाग पडू शकते. साधेपणा दिसण्यावर नसतो, हिशेबावर असतो.

ही तिसरी कसोटी वाचकालाही लागते, आणि तिचे उत्तम उदाहरण या पुस्तकाचे मराठी भाषांतर करणारे गृहस्थ होत. ‘सत्याचे प्रयोग’ मराठीत आणले ते सीताराम पुरुषोत्तम तथा अप्पासाहेब पटवर्धन यांनी. आपल्या घाटाखालच्या कोकणात त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम मागून घेतले. हे काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे, असा तुरुंगाचा दंडक होता. परवानगी नाकारली गेली तेव्हा त्यांनी उपोषण आरंभिले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढून त्यांनी मेलेल्या जनावरांचे चामडे काढणे, कमावणे आणि संडास-खताचे प्रयोग यांत आयुष्य घालविले. उच्चवर्णीय, उच्चशिक्षित माणूस ज्या कामाला हात लावीत नसे ते काम त्यांनी पोटाशी धरले. ढोर कक्कय्या आणि मादार चन्नय्या यांना ज्यांनी वडीलधाऱ्यांचा मान दिला त्या बसवेश्वरांच्या भक्ताने हे उदाहरण नीट पाहावे. डर्बनच्या फाटकापाशी जे काम रागाने दुसऱ्यावर लादले गेले, ते या भाषांतरकाराने स्वतःसाठी मागून घेतले. पुस्तक असे वाचायचे असते. ते डोळ्यांतून शिरून हातांतून बाहेर पडले पाहिजे.

आपल्या समाजातही अशी माणसे झाली. फ. गु. हळकट्टी यांनी विजापुरात वकिली करता करता गावोगावची ताडपत्रे गोळा केली, १९२३ साली ‘वचनशास्त्रसार’ प्रसिद्ध केले आणि वचने छापण्यासाठी छापखाना हवा म्हणून राहते घर विकले. आज आपण वचने वाचतो त्यामागे त्या घराच्या विटा आहेत. त्यांनी स्वतःची थोरवी सांगितली नाही, त्यांचे कायकच ती सांगते. दुसरे हर्डेकर मंजप्पा. १९१३ साली दावणगेरेत बसवजयंतीचा सार्वजनिक उत्सव सुरू करण्यात ते अग्रभागी होते, आणि साध्या राहणीमुळे लोक त्यांना ‘कर्नाटकचे गांधी’ म्हणत. त्यांनी आपल्या सेवाकाळाची हकिगत कन्नडमध्ये लिहिली आणि तिच्या नावातच ‘काणिके’ हा शब्द घातला. काणिके म्हणजे देवापुढे ठेवलेली भेट. आयुष्याची हकिगत लोकांसमोर मांडावी की देवासमोर ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात आले आहे. ठेवलेल्या भेटीवर ठेवणाऱ्याचा हक्क राहत नाही. तिची प्रशंसा झाली तरी त्याने ती परत उचलून घ्यायची नसते.

आता वाचकाचे कर्तव्य. थोरांची आत्मकथा वाचताना भाविक दोन प्रकारे घसरतो. पहिला वाचक पुस्तकाला हळदकुंकू वाहतो. त्याला दोष दिसतच नाहीत, आणि दिसले तर तो पान उलटतो. लेखकाने जिवावर उदार होऊन सांगितलेले सत्य हा वाचक भक्तीच्या नावाखाली पुन्हा झाकून टाकतो. अशा भक्तीने सत्पुरुषाचा अपमानच होतो. शरणांनी अरिवु म्हणजे जाणीव हाच गुरू मानला. जाणीव गहाण टाकून केलेले वाचन त्यांना मान्य झाले नसते. दुसरा वाचक नेमकी चुकीचीच पाने शोधतो. ‘एवढा मोठा माणूस, आणि बायकोला ओढत नेले!’ असे म्हणून त्याला बरे वाटते, कारण आता त्याला स्वतः बदलण्याची गरज उरत नाही. या वाचकाने लक्षात घ्यावे की सात निषेधांच्या त्याच वचनात दुसऱ्याची निंदा करण्यासही मनाई आहे. लिहिणाऱ्याला आत्मस्तुतीचा निषेध लागू होतो, तर वाचणाऱ्याला परनिंदेचा. वचन एकच आहे आणि त्याने दोघांनाही बांधले आहे.

या दोन्ही घसरणींतून वाचण्याचा एक सोपा उपाय आहे. लेखकाने जेथे स्वतःची चूक सांगितली असेल तेथे पुस्तक मिटावे आणि तीच चूक आपल्या घरात कोणत्या रूपाने नांदते आहे ते पाहावे. कड्याच्या तुकड्यापाशी थांबून आठवावे की आपण कोणाचे देणे कबूल केलेले नाही. सोन्याच्या हारापाशी थांबून विचारावे की आपल्या दानधर्माचे, आपल्या व्रताचे, मठाला दिलेल्या देणगीचे ओझे घरात कोणी वाहिले आणि त्याला आपण एकदा तरी विचारले का. न्हाव्याच्या दुकानापाशी थांबून पाहावे की आपल्या अंगणात कोणाच्या हातचे पाणी अजून चालत नाही. लिंगायत म्हणविणाऱ्या घरांनीही हा प्रश्न स्वतःला विचारणे आवश्यक आहे. कल्याणाची कथा अभिमानाने सांगणे आणि पोटजातींची कुंपणे जपणे या दोन गोष्टी एका घरात नांदत असतील, तर ती कथासुद्धा आत्मस्तुतीच ठरते. मग ती एका माणसाची न राहता साऱ्या समाजाची होते, आणि म्हणून अधिक धोक्याची होते.

गांधीजींनी ईश्वर सत्य आहे असे म्हटले आणि पुढे ते वाक्य उलटून सत्य हाच ईश्वर असे म्हणण्यापर्यंत ते आले. शरणांना हे नवे वाटले नसते. स्वर्ग-नरकाची वाट त्यांनी मरणानंतर दाखविली नाही, रोजच्या बोलण्या-वागण्यात दाखविली. आपल्यापैकी फार थोडे लोक आत्मकथा लिहितील. पण रात्री इष्टलिंग तळहातावर घेऊन बसल्यावर दिवसभराची हकिगत सांगायला कोणाला कागद लागत नाही. तेथे ऐकणारा एकच असतो, त्याला आपली थोरवी नको असते आणि त्याच्यापासून काही लपतही नाही. त्या वेळी जे सांगितले ते सकाळी उठून ज्याचे देणे लागतो त्याच्या दारी नेऊन सांगता आले, तर आत्मकथा लिहावी की न लिहावी हा प्रश्न आपल्यापुरता सुटला असे समजावे.